सेंद्रिय आम्लांसाठी धातू कसा निवडावा: प्लांटमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

"अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आहे ना, मग 316 टाका." केमिकल प्लांटमध्ये रुजू झालेल्या नव्या इंजिनिअरच्या कानावर हे वाक्य पहिल्या काही दिवसांतच पडतं. बऱ्याचदा ते बरोबर निघतं, त्यामुळे पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. पण टाकीमध्ये वर्षानुवर्षं टिकलेली 316एल (कमी कार्बनची 316 स्टेनलेस स्टील) त्याच आम्लाच्या रिबॉयलरमध्ये (डिस्टिलेशन कॉलमच्या तळाचा द्रव उकळवणाऱ्या उपकरणात) वर्षभरात चाळणी होऊ शकते. आम्लाचं नाव दोन्हीकडे एकच असतं. वेगळं असतं ते तापमान, पाणी, हवा आणि आम्लासोबत आलेली बाकीची मंडळी. धातू निवडायचा तो या मंडळींकडे बघून, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या ते कसं करायचं यासाठी आहेत.

मुख्य उदाहरण अ‍ॅसेटिक आम्लाचं घेतो. आपल्याकडे त्याच्याशी बरीच गाठ पडते. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल, त्यापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड, त्यापासून अ‍ॅसेटिक आम्ल आणि पुढे इथाइल अ‍ॅसिटेट किंवा अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड अशी ही साखळी आहे. औषधं आणि रंग बनवणाऱ्या कारखान्यांत वापरलेलं आम्ल डिस्टिलेशनने परत मिळवण्याचं कामही नेहमीचं. सगळ्यात जास्त घोटाळे या परत मिळवलेल्या आम्लात होतात.

पायरी 1: आधी परिस्थितीचा कागद भरा

कॅटलॉग उघडण्याआधी एक कागद घ्या आणि उपकरणाच्या प्रत्येक भागासाठी वेगळी ओळ लिहा: टाकी, पंप, फीड लाइन, रिबॉयलरच्या ट्यूब, कॉलमचा (डिस्टिलेशनच्या उभ्या टॉवरचा) खालचा भाग, मधले ट्रे (आतल्या आडव्या प्लेट्स), वरचा भाग, कंडेन्सर. प्रत्येक ओळीत आम्लाची तीव्रता, पाण्याचं प्रमाण, नेहमीचं तापमान, सर्वांत जास्त तापमान, हवा आहे की नायट्रोजन, क्लोराइड किती, दुसरं कोणतं आम्ल आहे आणि प्रवाह वाहता आहे की साचलेला, हे भरा.

"फीडमध्ये 60 टक्के अ‍ॅसेटिक" एवढ्यावर समाधान मानू नका. कॉलममध्ये वर-खाली तीव्रता बदलते आणि अशुद्धता एकाच ठिकाणी गोळा होऊ शकतात. फॉर्मिक आम्ल 100.8 अंश सेल्सिअसला उकळतं, अ‍ॅसेटिक 118 अंशांना. त्यामुळे फीडमध्ये किरकोळ दिसणारं फॉर्मिक कॉलमच्या मधल्या काही ट्रेवर साचून बरंच तीव्र होऊ शकतं. कॉलम उघडल्यावर वरचे आणि खालचे ट्रे ठणठणीत आणि मधलेच खाल्लेले दिसले, तर संशय आधी फॉर्मिकवर घ्यावा.

प्लांट सुरू आणि बंद होतानाची परिस्थितीही लिहा. कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) धुणं, वाफ मारणं, हायड्रोटेस्टचं (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचं) पाणी आठवडाभर पडून राहणं, या गोष्टी डेटाशीटवर नसतात. धातूला मात्र त्या सोसाव्या लागतात.

पायरी 2: तापमान द्रवाचं नको, भिंतीचं घ्या

रिबॉयलरमधलं आम्ल 118 अंशांना उकळत असलं तरी ट्यूबच्या पलीकडे वाफ 150 अंशांची असू शकते. गंज चढतो ट्यूबच्या पृष्ठभागावर, आणि त्या पृष्ठभागाचं तापमान या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं. द्रवाचा आकडा घेऊन कंपन्यांच्या झिजेच्या तक्त्यात बघितलं की उत्तर चुकतं.

हीच गोष्ट पाइपलाइनमध्ये थंडीच्या दिवसांत दिसते. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल (म्हणजे जवळपास बिनपाण्याचं) 16.6 अंशांना गोठतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा याच्या बराच खाली जातो, लाइन गोठते आणि मग कोणीतरी तिच्यावर वाफेची ट्रेसिंग गुंडाळतं. ट्रेसिंगची नळी जिथे पाइपला थेट चिकटते तिथे पट्टीसारखा गरम भाग तयार होतो. आतलं आम्ल साचलेलं असेल तर झीज नेमकी त्या पट्टीत होते. कमी तापमानाची ट्रेसिंग किंवा गरम पाण्याचं जॅकेट घेतलं, तर महागडा धातू घ्यायची वेळ टळते. तापमान कमी करता येत असेल तर ते नेहमी धातू बदलण्याआधी करून बघा.

पायरी 3: आम्लासोबत आणखी कोण आहे?

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवू.

पाणी. शुद्ध आम्ल म्हणजे जास्त जहाल, असं आपण धरून चालतो. सेंद्रिय आम्लांत ते तसं सरळ नाही. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लात थोडं पाणी असणं स्टेनलेस स्टीलच्या फायद्याचं असतं. पाणी पूर्ण संपलं आणि थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड उरलं, की गरम आम्लात 316एलच्या झिजेचा वेग एकदम वाढतो. अ‍ॅनहायड्राइड बनवणाऱ्या किंवा अ‍ॅसिटिलेशन करणाऱ्या प्लांटमधून परत आलेलं आम्ल असेल, तर पाणी आणि अ‍ॅनहायड्राइड दोन्ही तपासून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचंही असंच आहे. ते थंड ग्लेशियल आम्लाला चालतं, पूर्वी त्याच्या टाक्या सर्रास असत. पण पूर्ण कोरड्या, उकळत्या आम्लात ते भराभर विरघळतं.

हवा. स्टेनलेस स्टीलला वाचवतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तो टिकायला थोडा ऑक्सिजन लागतो. तांबं आणि त्याच्या मिश्रधातूंचं नेमकं उलट: ऑक्सिजन नसेल तर ती अ‍ॅसेटिक आम्लात छान टिकतात, हवा लागली की खराब होतात. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ते याच कारणाने, आम्ल आणि हवा दोन्ही एकत्र आल्यामुळे. म्हणून टाकीवर नायट्रोजन ब्लँकेट (द्रवावरच्या जागेत हवेऐवजी नायट्रोजन) बसवण्याचा निर्णय झाला की मटेरियल पुन्हा तपासा. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लाचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) 40 अंशांच्या आसपास आहे. तेव्हा सुरक्षिततेसाठी नायट्रोजन हवाच, त्यात तडजोड नाही. तपासायचं एवढंच, की गरम आणि हवा नसलेल्या भागात 316एल तग धरते का.

फॉर्मिक आम्ल. छोट्या साखळीच्या आम्लांत हे सर्वांत आक्रमक. त्याचा पीकेए (आम्लाचा जोर सांगणारा आकडा, कमी तितकं जोरदार) 3.75, अ‍ॅसेटिकचा 4.76, म्हणजे ते जवळपास दहापट तीव्र. काही टक्के फॉर्मिक मिसळलं तरी अ‍ॅसेटिकसाठीचे तक्ते निरुपयोगी होतात.

क्लोराइड. हे आलं की सरसकट झिजेचा प्रश्न मागे पडतो आणि खड्डे व भेगांचा प्रश्न पुढे येतो. साधारण 60 अंशांच्या पुढे, ताण असलेल्या 304एल आणि 316एलमध्ये क्लोराइडमुळे भेगा जाऊ शकतात. अशा वेळी भिंतीची जाडी मोजून काही कळत नाही. जाडी पूर्ण असते आणि पाइप वेल्डजवळ फुटलेला असतो. क्लोराइड येतं कुठून? कच्च्या मालातून, कूलिंग वॉटरच्या गळतीतून, बोअरच्या पाण्याने केलेल्या हायड्रोटेस्टमधून, कधी अ‍ॅसिटाइल क्लोराइडच्या अवशेषातून.

ब्रोमाइड आणि आयोडाइड. हे उत्प्रेरकासोबत येतात आणि तिथे स्टेनलेसचा विषयच संपतो. पीटीए (पॉलिएस्टरचा कच्चा माल) बनवताना अ‍ॅसेटिक आम्ल सॉल्व्हंट असतं, ब्रोमाइड उत्प्रेरकात असतं आणि रिअ‍ॅक्टर सुमारे 200 अंशांवर चालतो, म्हणून त्याला आतून टायटॅनियमचं अस्तर असतं. मिथेनॉलपासून कार्बोनिलेशनने (कार्बन मोनॉक्साइड जोडून) अ‍ॅसेटिक आम्ल बनवताना आयोडाइड असतं. तिथे झिर्कोनियम 702 आणि निकेल-मॉलिब्डेनमचे बी गटातले मिश्रधातू वापरतात.

पायरी 4: शिडी खालून चढा

परिस्थितीचा कागद भरला की स्वस्तापासून सुरुवात करा आणि जिथे पाय टिकतो तिथे थांबा.

साधं कार्बन स्टील या कामातून बाद. आम्ल त्याला खातंच, शिवाय लोहाने माल लालसर होतो.

304एल: थंड ग्लेशियल अ‍ॅसेटिकची साठवण, वाहतूक आणि सौम्य थंड सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्लासाठी पुरेसं. गरम कामाला नको.

316एल: इथे 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम येतं, बाजारातल्या भाषेत 'मोली'. सेंद्रिय आम्लांत खरी कामगिरी तिचीच. शुद्ध अ‍ॅसेटिक आम्लात 316एल उकळबिंदूपर्यंत साधारण टिकते. पण मानकात किमान 2 टक्के मोली चालत असल्यामुळे बाजारातला बहुतेक माल त्या किमान आकड्याला चिकटून असतो. गरम कामासाठी ऑर्डरमध्ये "मोली किमान 2.5 टक्के" असं स्पष्ट लिहा. ही एक ओळ लिहायला काही पडत नाही आणि फरक मोठा पडतो.

317एल: मोली 3 ते 4 टक्के. 200 अंशांच्या पुढच्या फॅटी अ‍ॅसिड डिस्टिलेशनमध्ये 316एल कमी पडते, तिथे ही चालते.

ड्युप्लेक्स 2205 आणि सुपर ड्युप्लेक्स 2507 (दोन प्रकारच्या स्फटिकरचना एकत्र असलेलं स्टेनलेस): माझ्या मते नवीन लोक या पायरीकडे उगाच दुर्लक्ष करतात आणि थेट हॅस्टेलॉयवर (खाली येणाऱ्या सी आणि बी गटांतल्या महागड्या निकेल मिश्रधातूंवर) उडी मारतात. फॉर्मिक मिसळलेल्या अ‍ॅसेटिकमध्ये 2507 (25 टक्के क्रोमियम, 7 निकेल, 4 मोली) उत्तम काम करते. क्लोराइडच्या भेगांनाही ड्युप्लेक्स बरंच दाद देत नाहीत, आणि ताकद जास्त असल्यामुळे जाडी कमी घेता येते. अट एकच: वेल्डर ड्युप्लेक्सचा सराव असलेला हवा.

904एल आणि अलॉय 20: निकेल जास्त, सोबत तांबं. मुळात सल्फ्युरिक आम्लासाठी आलेले. इस्टरिफिकेशनमध्ये (आम्ल आणि अल्कोहोलपासून इस्टर बनवताना) सल्फ्युरिक उत्प्रेरक म्हणून असेल तर यांचा विचार आधी करा.

सी-276 आणि सी-22: आम्ल, क्लोराइड, ऑक्सिडायझर सगळं एकत्र आणि अंदाज येत नाही, अशा ठिकाणी. महाग आहेत, पण काही भागांत पर्याय नसतो.

बी-2 आणि बी-3: सुमारे 28 टक्के मोली. हवा किंवा फेरिक (त्रिसंयुजी लोहाचे) आयन नसतील तरच. थोडं फेरिक आलं तरी हे धातू झपाट्याने जातात, आणि फेरिक हे शेजारच्या स्टीलच्या गंजातूनच येऊ शकतं.

टायटॅनियम: अ‍ॅसेटिकला छान. मात्र हवा नसलेल्या गरम फॉर्मिकमध्ये आणि ऑक्झॅलिक आम्लात ते खाल्लं जातं, ऑक्झॅलिकमध्ये तर थंड असतानाही. "टायटॅनियम म्हणजे सगळ्याला चालतं" हा समज इथे महागात पडतो.

झिर्कोनियम 702: सेंद्रिय आम्लांतलं जवळपास शेवटचं टोक. फ्लोराइड मात्र त्याला अजिबात चालत नाही, त्यामुळे स्टेनलेसचं पिकलिंग केमिकल (वेल्डचे डाग काढणारं, फ्लोराइड असलेलं आम्ल) त्याच्या जवळपासही जाऊ देऊ नका.

सगळं धातूनेच सोडवायचं असंही नाही. बॅच रिअ‍ॅक्टरसाठी ग्लास लाइन्ड आणि पाइपसाठी पीटीएफई (टेफ्लॉन) लाइन्ड हे पर्याय हॅस्टेलॉयपेक्षा अनेकदा स्वस्त पडतात.

पायरी 5: तक्त्यातला आकडा वाचायला शिका

कंपन्यांच्या तक्त्यांत झीज वर्षाला मिलिमीटरमध्ये किंवा 'एमपीवाय'मध्ये (वर्षाला इंचाचे हजारावे भाग) असते. 1 एमपीवाय म्हणजे 0.0254 मिलिमीटर. वर्षाला 0.1 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर धातू साधारणपणे वापरण्याजोगा मानतात. हे तक्ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या शुद्ध आम्लावर बेतलेले असतात. तिसऱ्या पायरीतली मंडळी तिथे नसतात.

तोच आकडा वेगवेगळ्या भागांना वेगळा लागू होतो. 8 मिलिमीटर जाड शेलला वर्षाला 0.1 मिलिमीटर चालेल, करोजन अलाउन्स (गंजासाठी ठेवलेली जादा जाडी) धरून पंधरा-वीस वर्षं निघतील. पण प्रेशर ट्रान्समीटरचा (दाब मोजणाऱ्या उपकरणाचा) डायफ्रॅम, म्हणजे पडदा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून पातळ असतो. बेलोजही (घडीदार लवचीक नळ्या) पातळच. त्यामुळे 316एलच्या लाइनवर सी-276चा डायफ्रॅम हे योग्यच आहे, त्यात उधळपट्टी नाही.

दुसरा हिशोब मालाच्या शुद्धतेचा. समजा 100 चौरस मीटर पृष्ठभाग वर्षाला फक्त 0.05 मिलिमीटर झिजतो. घनता 8 धरली तर वर्षाला 40 किलो धातू आम्लात उतरतो. भांड्याला त्याचं काही नाही, पण औषध किंवा अन्नाच्या ग्राहकाला लोह, निकेल, क्रोमियम नको असतं. अशा ठिकाणी भांड्याचं आयुष्य बाजूला ठेवून धातू मालाच्या स्पेसिफिकेशनवर ठरवावा लागतो.

पायरी 6: स्वतःच्या आम्लात कुपन बुडवा

शंका उरली तर कुपन (धातूचा छोटा नमुना तुकडा) बुडवून चाचणी करा. तिला फार पैसे लागत नाहीत. प्लांटमधलं खरं आम्ल घ्या, बाटलीतलं शुद्ध नको. कुपनचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागासाठी किमान 20 मिलिलिटर आम्ल ठेवा, नाहीतर विरघळलेला धातूच निकाल बदलतो. निम्म्या कुपनवर वेल्ड असू द्या. काही कुपन द्रवात, काही वाफेत आणि काही दोन्हींच्या सीमेवर टांगा.

हिशोब असा: मिलिग्रॅममधल्या वजनातल्या घटीला 87.6 ने गुणा, आणि त्याला घनता, चौरस सेंटिमीटरमधलं क्षेत्रफळ आणि तास यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर वर्षाला मिलिमीटरमध्ये येतं.

उदाहरण करून बघू. 50 बाय 25 बाय 3 मिलिमीटरचं 316एलचं कुपन, टांगायचं भोक सोडून दिलं तर क्षेत्रफळ 29.5 चौरस सेंटिमीटर. 168 तासांत 62 मिलिग्रॅम घटलं. 87.6 गुणिले 62 म्हणजे 5431. खाली 8 गुणिले 29.5 गुणिले 168 म्हणजे 39648. भागाकार 0.137 मिलिमीटर प्रतिवर्ष.

पण लगेच अहवाल लिहू नका. चाचणी किती तास हवी याचा ढोबळ नियम असा की 50 ला मिळालेल्या वेगाने भागायचं. इथे 50 भागिले 0.137 म्हणजे सुमारे 365 तास. आपली चाचणी 168 तासांची, म्हणजे अपुरी. सुरुवातीच्या काही दिवसांत पृष्ठभाग स्थिरावत असतो, त्याचा आकडा खरा नसतो. नवीन कुपन घेऊन पंधरा-सोळा दिवस चालवा.

वजनाइतकंच डोळ्यांनी बघणंही महत्त्वाचं. कुपन काढल्यावर भिंगाखाली धरा. सरसकट झीज असेल तर चकचकीत पृष्ठभाग मंद, राखाडी होतो आणि साखरेच्या कणांसारखे धातूचे कण दिसू लागतात. वेल्डच्या दोन्ही बाजूंना, वेल्डपासून थोड्या अंतरावर समांतर रेघ खोदल्यासारखी दिसली, तर तो कणांच्या सीमांवरचा गंज आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं. वॉशरखाली टोचल्यासारखे ठिपके असतील तर क्लोराइड शोधा. आम्लाचा रंगही बोलतो. हिरवट झाक म्हणजे क्रोमियम-निकेल विरघळतंय, तांबूस तपकिरी म्हणजे लोह. वजनातली घट कमी असूनही रेघ किंवा ठिपका दिसला, तर तो धातू नापास धरा.

पायरी 7: खरेदी आणि वेल्डिंग

योग्य धातू कागदावर निवडून चुकीचा बसवला, असं घडायला नको. मुंबईत गिरगाव, खेतवाडी, कुंभारवाडा भागात स्टेनलेसचा मोठा बाजार आहे, माल चटकन मिळतो. पण प्रत्येक पाइपावरचा हीट नंबर (ज्या वितळणीतून माल आला तिचा क्रमांक) मिल टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवून बघा आणि माल आल्यावर पीएमआय (धातूत कोणते घटक आहेत याची तपासणी) करा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हातात धरायचं एक्स-रे गन मोली आणि निकेल दाखवतं, कार्बन दाखवत नाही. 316मध्ये कार्बन 0.08 टक्क्यांपर्यंत चालतो, 316एलमध्ये 0.03 पर्यंतच. म्हणजे 'एल' आहे की नाही हे त्या गनने कळणार नाही. त्यासाठी स्पार्क स्पेक्ट्रोमीटरची चाचणी लागते.

पंप आणि व्हॉल्व्ह ओतीव असतात, त्यांची नावं वेगळी. 316एलचा ओतीव जोडीदार सीएफ3एम, 316चा सीएफ8एम. डेटाशीटवर नुसतं "एसएस 316" असेल तर विचारून घ्या. अलॉय 20चा ओतीव प्रकार सीएन7एम.

वेल्डिंगनंतर दिसणारे निळे-सोनेरी पट्टे दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्याखाली क्रोमियम कमी झालेला थर असतो. पिकलिंग करून ते पूर्ण काढा. वेल्ड आतल्या बाजूने काळा पडू नये म्हणून आर्गॉन पर्जिंग (आतली हवा आर्गॉनने हटवणं) करून घ्या. कार्बन स्टीलवर वापरलेला ग्राइंडिंग व्हील किंवा वायर ब्रश स्टेनलेसवर येऊ देऊ नका. हायड्रोटेस्ट कमी क्लोराइडच्या पाण्याने करा, नंतर पाणी पूर्ण काढून भांडं कोरडं करा.

पायरी 8: बाहेरची बाजू आणि सुरू झाल्यानंतर

तारापूर, रोहा, महाड, लोटे या भागांत समुद्री वारा आणि चार महिने पाऊस. गरम पाइपावरच्या इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलं की क्लोराइड आतल्या आत साचतं आणि 60 ते 175 अंशांच्या दरम्यान चालणाऱ्या 304एल-316एल पाइपाला बाहेरून भेगा जातात. आत आम्ल कितीही सौम्य असलं तरी. इन्सुलेशनखाली योग्य पेंट किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा आणि क्लॅडिंगचे (इन्सुलेशनवरच्या पत्र्याच्या आवरणाचे) सांधे पावसाळ्यापूर्वी तपासा.

प्लांट सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात जाडी जरा लवकर-लवकर मोजा: बेंडची बाहेरची बाजू, रिबॉयलरचं आउटलेट, पंपाची डिस्चार्ज लाइन, फॉर्मिक साचतं तिथले ट्रे. मोजायची जागा पेंटने खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तिथेच प्रोब टेकेल. क्वालिटी लॅबला सांगून कॉलमच्या तळाच्या नमुन्यात दर आठवड्याला लोह, निकेल आणि क्रोमियमचा पीपीएम बघा. हा आकडा वाढू लागला की अल्ट्रासॉनिक गेजला फरक दिसायच्या कितीतरी आधी झीज सुरू झाल्याचं कळतं. मग पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा आणि त्यातली कोणती ओळ बदलली आहे ते शोधा. फीडचा पुरवठादार, पाण्याचं प्रमाण, व्हेंटवरचा नायट्रोजन किंवा वाफेचा दाब, यांपैकी काहीतरी बहुतेक बदललेलं सापडतं.